पायरी दिसत नाही, तरी मी उतरणार

ज्यांना काल-परवा डॉक्टरांनी सांगितलं आहे की नजरेचा गेलेला भाग आता परत येणार नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. तुम्ही सध्या घरी बसून असाल. घरातली माणसं तुमच्याशी कधी नव्हे इतकी गोड बोलत असतील. पाणी हातात, जेवण हातात, बाहेर जायचं म्हटलं की "आम्ही आहोत न." त्या गोडव्याला भुलू नका. मीसुद्धा भुलले होते आणि त्यातून बाहेर पडायला मला घरच्यांशी, मोहल्ल्याशी आणि एका म्हाताऱ्याशी भांडावं लागलं. भांडण मला तसं नवीन नाही.

मी शालिनी. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात राहते आणि सरकारी शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे दुकानांच्या पाट्या हिंदीत आणि घरातली बोलणी मराठीत, त्यामुळे "बोलता येते तं लिहाले काय होते?" असं पोरांवर ओरडण्यातच माझी नोकरीची वर्षं गेली. माझा आवाज मोठा आहे. नवरा म्हणतो स्वभाव त्याहून मोठा आहे.

ग्रंथ सुटला नाही

आमच्या मोहल्ल्यातलं बुद्ध विहार उंच जोत्यावर आहे. रस्त्यापासून वरच्या ओसरीपर्यंत काळ्या दगडाच्या पायऱ्या, रुंद आणि गुळगुळीत. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, म्हणजे वर्षावासात, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. दिवसभर शेतात किंवा दुकानात राबलेली माणसं हातपाय धुऊन येतात, चपला खाली रस्त्याकडेला काढतात, अनवाणी वर चढतात आणि बसतात. वाचणारी मी. आधी माझे वडील वाचायचे, त्यांच्यानंतर मी. चष्मा लावून मी अजूनही बारीक अक्षर घडाघडा वाचते, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण सगळा घोळ त्यातूनच झाला.

मागच्या वर्षी वर्षावास संपला त्या दिवशी पांढऱ्या कापडात बांधलेला ग्रंथ छातीशी धरून मी खाली उतरत होते आणि मधल्याच पायरीवरून खाली आले. पडता पडता मी दोन्ही हात वर केले. ग्रंथ वरच राहिला, मी खाली, आणि शेवटी डावा हात सुटून माझ्याच अंगाखाली आला, मनगट मोडलं. बायांनी मला उचललं. सगळ्यांना कौतुक एकाच गोष्टीचं, की बाईनं ग्रंथ भुईला लागू दिला नाही. मनगटाचं कौतुक कोणाला नव्हतं.

हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना विचारलं, "पायरी दिसली नाही का?" मला राग आला. म्हटलं, मी शिक्षिका आहे, तुमच्या भिंतीवरचं तुमचं प्रमाणपत्र इथून वाचून दाखवू का? आणि खरोखर वाचून दाखवलं. तो भला माणूस हसला आणि म्हणाला, तरी एकदा डोळे दाखवा.

घरी मी विचार करत बसले. त्या वर्षभरात माझ्या पायाने किती बादल्या लवंडल्या होत्या. अंगणातल्या कुत्र्याच्या शेपटीवर मी दोनदा पाय दिला होता आणि दोन्ही वेळा कुत्र्यालाच रागावले होते. नवरा मला धांदरट म्हणायला लागला होता. मला वाटायचं, वय होतंय.

खालचे दिवे

नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आधी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. मी शेवटची ओळसुद्धा वाचली आणि वर्गात पहिली आल्यासारखं नवऱ्याकडे पाहिलं. मग एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे एका मोठ्या पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे पाहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाबत गेले. तपासणी संपल्यावर मी मशीन चालवणाऱ्या मुलीला सांगितलं, "तुमच्या मशीनचे खालचे दिवे बिघडले आहेत. दुरुस्त करून घ्या."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाहेर बाकावर बसवलं. तो हात खांद्यावर पडला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण गोलमोल बोलल्या नाहीत. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. मधली नजर शाबूत, वरची बरीच शाबूत, खालची गेली. त्यांनी मला समोर पाहायला लावलं आणि विचारलं, "तुमचे गुडघे दिसतात?" मी समोरच पाहत होते. त्यांचा चेहरा दिसत होता, मागचं कॅलेंडर दिसत होतं. माझे गुडघे कुठेच नव्हते. तिथे काळं काही नव्हतं, अंधार नव्हता. नुसतं काहीच नव्हतं, आणि आजवर मला त्याचा पत्ता नव्हता.

"परत येईल?" नवऱ्याने विचारलं.

"गेलेलं येणार नाही. उरलेलं सांभाळायचं आहे."

मी दवाखान्याच्या संडासात जाऊन रडले. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले. बाहेर येताना तिथल्या उंबऱ्याला ठेचकाळले आणि रडणं थांबून शिव्याच तोंडात आल्या. ज्यांना रडू येतंय त्यांनी रडून घ्यावं. पण रडून झाल्यावर राग आला तर त्याला अडवू नका, तो पुढे कामाला येतो.

वॉर्ड

डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याचं वर्णन करत नाही, ते डॉक्टर सांगतील. वॉर्डाचं सांगते. सकाळी सिस्टर यायची, "ताई, वर पहा," म्हणायची आणि थेंब टाकायची. दुपारी थेंब, संध्याकाळी थेंब, मध्ये भाजी-पोळीचा डबा. वाकायचं नाही, शिंकायचं नाही, जोराने खोकायचं नाही. रागवायचंही नाही, असं नवऱ्याने स्वतःच्या मनाने त्यात घुसवलं होतं.

शेजारच्या खाटेवर मोहगावची एक आजी होती. तिला एका डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळायचा. मी दुसऱ्या दिवशी सुस्कारे टाकत होते तेव्हा ती म्हणाली, "काऊन रडतं वो? तुले तं आपला नवरा साफ दिसते न?"

"तोच तं दिसते आजी. पायरी दिसत नाही."

आजी इतकी हसली की सिस्टर धावत आली. डोळ्याला पट्टी, हसायला बंदी, आणि आम्ही दोघी उशीत तोंड खुपसून हसतोय. त्या आजारपणातलं सगळ्यात चांगलं औषध मला विचाराल तर तेच. डिस्चार्जच्या दिवशी तिने माझा चेहरा हाताने चाचपला आणि म्हणाली, "तुये गाल भरले आहेत, तू काही मरत नाहीस."

ते आंधळ्यांसाठी आहे

माझी मुलगी पल्लवी नागपूरला नोकरी करते. एका तपासणीनंतर ती मला मेट्रो स्टेशनावर घेऊन गेली. तिथे फरशीत पिवळा पट्टा होता, उंच उंच दाण्यांचा. मी नेहमीप्रमाणे समोर पाहत चालले होते आणि माझ्या पातळ स्लीपरच्या तळाला ते दाणे लागले. पाय आपोआप थांबला. मी मान खाली घातली, तेव्हा कुठे दिसलं की पुढे पावलाभराच्या अंतरावर जिना उतरतो आहे. दाणे जिन्याच्या काठावर नव्हते, काठाच्या अलीकडे होते. थांबायला, मान खाली घालायला, कठडा शोधायला जागा ठेवूनच ते बसवलेले होते.

मी पुन्हा मागे गेले आणि पुन्हा चालत आले. पुन्हा पाय थांबला. तिसऱ्यांदा जायला लागले तेव्हा पल्लवीने माझा दंड धरला. "आई, काय करतेस? लोक पाहतात. ते आंधळ्यांसाठी आहे."

"मग मी कोणासाठी आहे?"

तिचं तोंड उतरलं. ती तिथेच, त्या गर्दीत, रडायला लागली. दवाखान्यात तिने एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, सगळे रिपोर्ट नीट फाइलला लावत होती. आम्ही दोघी त्या पिवळ्या पट्ट्यावर उभ्या आणि माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. मग तिने नाक पुसलं, मोबाइल काढला आणि त्या पट्ट्याचे सगळीकडून फोटो घेतले. म्हणाली, "कुठे लावायचं आहे, सांग."

घर

घरी मात्र माझं राज्य गेलं होतं. बाजारात नवरा जायला लागला. शाळेत सोडायला आणि आणायला तोच. शाळेची इमारत सपाट आहे, तिथे मला काही अडचण नव्हती, तरी तो फाटकाशी माझा हात धरून उभा राहायचा आणि पोरं पाहायची. तो वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. उभं आयुष्य खांबांवर चढला, पण मला दोन पायऱ्या चढू द्यायला तयार नव्हता.

उन्हाळ्यात विषय निघाला की यंदा वर्षावासात वाचन कोण करणार. तो म्हणाला, "दुसरं कोणी वाचंन. नाहीतर मी तुले हात धरून नेतो अन् हात धरून आणतो."

"मी काय गाय आहे, दावं धरून नेशीन?"

"मांगच्या साली मनगट मोडलं. आता डोकं फोडशीन. मंग मी कोणाकडे पाहू?"

तो ओरडून बोलला आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. तो घाबरला होता. मला तोवर वाटत होतं की घाबरण्याचा हक्क फक्त माझाच आहे. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि नीट सांगितलं, की मला वाचनाला एकटीने जायचं आहे. एकदा हात धरून गेले की पुढे कायम हात धरूनच जाईन, आणि हात धरणारा कोणी नसेल त्या दिवशी घरात बसेन. त्यात ग्रंथ जाईल, शाळा जाईल, बाजार जाईल, मग उठणंसुद्धा जाईल. आजार माझ्या डोळ्यांत आहे, त्याला माझ्या पायांत उतरू देणार नाही.

त्याने खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणाला, "तं ते दाणेवालं काय ते लावून घे पायऱ्याले. काकाजी हो म्हणत असतीन तं."

काकाजींचं नाही

सोमाजी काकाजी म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. मोहल्ल्यातलं सगळ्यात जुनं माणूस, काठीसारखे सरळ. विहाराची किल्ली त्यांच्याजवळ असते. सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडतात, सगळे गेल्यावर कुलूप लावतात. समितीच्या बैठकीत मी त्यांना फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल नाकाजवळ धरला, पुन्हा दूर धरला आणि परत दिला.

"पायऱ्या फोडा लागतीन का?"

"थोडी खाच करा लागंन, काकाजी. जुन्या दगडावर नुसतं चिकटवलं तं तेच पायात येते."

"मंग नाही."

कारण मला ठाऊक होतं. तो दगड काकाजींच्या वडिलांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी स्वतः फोडून, स्वतः वाहून आणला होता. दिवसभर दुसऱ्यांकडे मजुरी आणि संध्याकाळी हे. त्या पायऱ्यांना काकाजी पाय लावताना आधी हात लावतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो.

"काकाजी, त्यायनं हे दगड कायले वाहले? ज्यायले कुठंच आत जाऊ देत नव्हते, त्यायले एका तरी ठिकाणी आत येता यावं म्हणून न? मग मले काऊन बाहेर ठेवून राहिले तुम्ही?"

काकाजींचा चेहरा लाल झाला. "तुले कोणं बाहेर ठेवलं? हात धराले माणसं आहेत."

"मले हात नाही पाहिजे. पायरी पाहिजे."

"नाही म्हणजे नाही," ते म्हणाले आणि बैठक संपली.

रस्त्यावर

आषाढ पौर्णिमेला वाचन सुरू होतं. त्या संध्याकाळी मी पांढरं लुगडं नेसून, चष्मा पुसून, एकटी विहारापाशी गेले. घरापासून तिथपर्यंतचा रस्ता सपाट आहे. पायऱ्यांच्या खाली, चपलांच्या शेजारी, प्लास्टिकची खुर्ची मांडून बसले आणि मोहल्ल्यातल्या एका सुनेला म्हटलं, वरून ग्रंथ आणून दे. मी इथूनच वाचते.

आधी बाया वरून वाकून पाहत राहिल्या. मग एक खाली आली, मग दुसरी. थोड्या वेळाने सगळ्या पायऱ्या माणसांनी भरल्या, वर्गातल्या बाकांसारख्या, आणि मी खालून वर तोंड करून वाचत होते. वरचं मला छान दिसतं. येणारे-जाणारे सायकल थांबवून ऐकू लागले. वर्षानुवर्षं त्या रस्त्याने जाणारा भाजीवाला पहिल्यांदाच पूर्ण प्रकरण ऐकून गेला. काकाजी आत, मूर्तीजवळ, एकटे बसून होते.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. नवरा घरी म्हणायचा, "झालं न आता, कितीक दिवस बसशीन?" मी म्हणायचे, तीन महिने आहेत.

मग एका संध्याकाळी वाचता वाचता पाऊस आला. मी ग्रंथावर पदर धरला आणि वाचत राहिले. हट्टच होता तो, लपवत नाही. बाया म्हणत होत्या वर चल, आणि मी अक्षर सोडत नव्हते. तेवढ्यात वर ओसरीच्या काठाशी काकाजी आले. हातात त्यांची मोठी काळी छत्री. ती त्यांनी उघडली आणि तिथेच उभे राहिले. खाली आले नाहीत. मला वाटलं, किती हा ताठा, ग्रंथ भिजतोय तरी पाऊल खाली टाकत नाहीत. शेवटी एका बाईने वर जाऊन त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि माझ्या डोक्यावर धरली.

"ग्रंथ भिजून राहिला," काकाजी वरूनच म्हणाले. "करा काय कराचं ते."

चुका

काम करायला सावरगावचे भाऊराव मिस्त्री आले. चांगला माणूस, कामात हुशार. पण त्यांनी असा पट्टा आधी कधी बसवलेला नव्हता आणि मी त्या दिवशी शाळेत होते. संध्याकाळी येऊन पाहते तर त्यांनी दाण्यांच्या पिवळ्या फरश्या अगदी पायरीच्या काठावर, शोभेच्या किनारीसारख्या लावलेल्या. तेही दगडाच्या वर चिकटवून, कारण काकाजींच्या बापाच्या दगडाला छिन्नी लावायचा त्यांना धीर झाला नाही. मी वर चढायला गेले आणि त्या नव्या उंचवट्यालाच माझा अंगठा अडकला. नवऱ्याने मला वरच्या वर धरलं आणि "पाह्य," एवढंच म्हणाला.

"भाऊराव, हे पडाच्या जागी लावलं तुम्ही. पडाच्या आधी लावाचं आहे."

"बाई, दिसाले तं असंच मस्त दिसते."

"ज्यायले दिसते त्यायच्यासाठी नाही हे."

त्यांनी फरश्या काढल्या. काकाजी स्वतः ओसरीवर येऊन बसले, दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, "मार छिन्नी." वरच्या ओसरीत, काठाच्या पावलाभर अलीकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत खाच पडली आणि फरशी दगडाला सारखी बसली. फक्त दाणे वर. तसाच एक पट्टा खाली, पहिल्या पायरीच्या आधी. बाजूला नळाच्या पाइपाचा कठडा. प्रत्येक पायरीच्या तोंडाला पिवळी रेघ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोठ्या दिमाखात आले आणि पाहते तर खालचा पिवळा पट्टा गायब. त्यावर चपला. इकडून तिकडे एका ओळीत, आजवर कधी नव्हत्या इतक्या नीट लावलेल्या चपला. मोहल्ल्याला वाटलं, समितीने चपलांसाठी जागा करून दिली. एक बाई मला म्हणालीसुद्धा, "छान केलं शालूताई, पहिले चपला कुठीबी पडत होत्या."

मी हसू की ओरडू हे ठरवायच्या आधी ओरडले. मोठ्या आवाजाचा हा फायदा. रोज वाचनाआधी मी पंचशीलानंतर एक सूचना जोडली, की चपला पट्ट्याच्या बाजूला, पट्ट्यावर नाही. आठवडाभरात पोरं एकमेकांना दटावायला लागली.

आणि मी रोज वर जाऊन वाचायला लागले. एकटी. खालच्या पट्ट्यावर पाय लागला की हात कठड्याला. परत येताना तर चपलाच नसतात, अनवाणी तळव्याला दाणे आणखी लवकर कळतात. पहिल्या दिवशी मी वर पोचले तेव्हा काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसता ग्रंथ समोर सरकवला.

पांढरं

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. गेल्या वर्षी मी पडले तोच दिवस. मी नवऱ्याला सांगितलं, आज माझ्या आसपास फिरकायचं नाही. तो खाली खिरीच्या गंजाजवळ, म्हणजे मोठ्या पातेल्याजवळ, थांबला.

मी वर चढले तेव्हा उजेड होता आणि दारापाशी इतकी गर्दी की मी माणसांच्या लोंढ्याबरोबरच आत गेले. वाचन संपलं. ग्रंथ पांढऱ्या कापडात बांधला, छातीशी धरला आणि मी ओसरीत आले. मान खाली घालून पिवळं शोधलं आणि तिथेच थांबले.

पिवळं नव्हतंच. पायऱ्या पांढऱ्या, ओसरी पांढरी, कठडा पांढरा. मोहल्ल्यातल्या बायांनी आणि पोरांनी पौर्णिमेसाठी आदल्या रात्री, वाचन संपल्यावर, हौसेने सगळं रंगवून काढलं होतं, आणि माझ्या पट्ट्यालाही प्रेमाने दोन हात दिले होते. खाली पांढऱ्या लुगड्यांची गर्दी. मान खाली घालून पाहिलं तरी कुठे काठ, कुठे पायरी, काही कळेना. सगळं एकच.

मला गेल्या वर्षीचं मनगट आठवलं. खालून नवऱ्याने पाहिलं असावं, कारण त्याचा आवाज आला, "थांब, मी येतो."

"येऊ नका," मी म्हणाले.

ग्रंथ एका हाताने धरला. दुसरा हात बाजूला नेऊन कठडा शोधला. आणि समोर पाहत, खाली न पाहता, एक पाऊल टाकलं. काही नाही. दुसरं टाकलं. काही नाही. तिसऱ्याला तळव्याखाली दाणे आले. रंगाने थोडे गुळगुळीत झालेले, पण होते तिथेच. मी थांबले. त्यांच्यावर दोन्ही पाय ठेवून नीट उभी राहिले, श्वास घेतला आणि मग उतरले. पायरी दिसली नाही, कळली. खालच्या दाण्यांवर पाय आला तेव्हा बाया "साधु साधु" म्हणाल्या, आणि या वेळी ते ग्रंथासाठी नव्हतं. नवरा पळी हातात धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्याला म्हटलं, खिरीत पडेल.

मग मी सहज वळून वर पाहिलं.

सगळे खिरीकडे गेले होते. वर काकाजी एकटे कुलूप लावत होते. कुलूप लावून झालं, त्यांनी खालच्या गर्दीकडे एकदा पाहिलं, कोणाचं लक्ष नाही अशी खात्री केली आणि पाय घासत घासत पुढे आले. एक हात हवेत, कठडा शोधत. दाण्यांना पाय लागला तसे थांबले. अंगठ्याने चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग कठडा सापडला.

मला छत्री आठवली. पावसात ओसरीच्या काठाशी उघडून धरलेली, खाली न आलेली. नाकाजवळ नेऊन मग लांब धरलेला मोबाइल आठवला. इतकी वर्षं सगळ्यांच्या आधी येणं आणि सगळ्यांच्या नंतर जाणं आठवलं. मी त्या माणसाला ताठ म्हटलं होतं.

ते खाली आले. माझ्यासमोर उभे राहिले, नेहमीसारखे सरळ.

"बोचते ते पायाले," ते म्हणाले.

"बोचलंच पाहिजे, काकाजी."

आजूबाजूला माणसं होती, वाट्या वाजत होत्या. मला खूप काही बोलता आलं असतं. मी आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

"काकाजी, पुढच्या तपासणीले मी नागपूरले चालली डोळे दाखवाले. तुम्ही माह्यासंगं येऊन राहिले."

"मी काऊन?"

"मी एकटी कशी जाऊ? मले कोणी हात धराले नाही पाहिजे का?"

नवऱ्याची पळी गंजातच थांबली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही माझ्या अंगात दुसरंच कोणी शिरलंय. मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने पुन्हा पळी फिरवायला घेतली.

काकाजींचा हात अजून कठड्यावरच होता. मग त्यांनी घसा साफ केला आणि माझ्याहूनही मोठ्या आवाजात, अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलं, "बरं बाई. तुले भेव वाटत असंन, तं तुह्यासाठी येतो."

"हो काकाजी," मी म्हणाले, "माझ्यासाठीच."